गच्चीवरच्यांचं तिसरं गाणं

माणूस कुणामुळे घडला असं विचारलं की लोक आईवडिलांचं नाव घेतात, एखाद्या मास्तरांचं घेतात, अगदीच धोरणी असले तर साहेबांचं घेतात. चष्म्याचं दुकान चालवणारा पॉज चार बँडची नावं घ्यायचा. समोरचं गिऱ्हाईक त्या वेळी डोळ्यांत थेंब घालून, मान मागे टाकून, जागचं हलता न येण्याच्या अवस्थेत असायचं. म्हणून ही यादी आजवर कुणी अर्ध्यावर टाकून गेलेलं नव्हतं.

पहिला बँड ‘सरळ रेषा’. पॉज नऊ वर्षांचा असताना न्हाव्याच्या खुर्चीत त्याच्या कानावर पडला. त्या नादात मान हलली, कानामागे वस्तरा लागला आणि ती खूण त्याने पुढे पदकासारखी मिरवली. दुसरा ‘ओले बूट’. त्यातले चौघेही जाड भिंगांचे चष्मे लावून मंचावर यायचे. तोवर चष्मा खिशात लपवून फळ्यावरचं सगळं अंदाजाने उतरवणारा पॉज त्यांचं पोस्टर पाहून चष्मा नाकावर घेऊन हिंडू लागला, आणि पुढे धंदाही तोच धरला. तिसरा ‘गच्चीवरचे’. यांच्याकडून त्याला दोन गोष्टी मिळाल्या, एक तत्त्व आणि दुसरी बायको. चौथा ‘पितळी बटणं’. हा बँड त्याला मुळीच आवडत नसे. पण माणसाने काय होऊ नये हे ज्यांनी शिकवलं त्यांचंही नाव घ्यावं, एवढा मोठेपणा आपल्यात आहे, असं तो स्वतःच सांगायचा.

त्या काळी गावातली तरणी मंडळी दोन तटांत वाटलेली होती. गच्चीवरचे लोकांकडे पाठ करून वाजवायचे, दोन गाण्यांच्या मध्ये एक शब्द बोलायचे नाहीत आणि टाळ्या पडल्या तर थोडे नाराज व्हायचे. त्यांच्या चाहत्यांना गच्चीकर म्हणत. पितळी बटणं लाल कोट घालून यायची, धूर सोडायची आणि शेवटी कोटाचं एक बटण तोडून गर्दीत फेकायची. त्यांचे ते बटणवाले. गच्चीकर बटणवाल्यांना उथळ म्हणत, बटणवाले गच्चीकरांना आजारी म्हणत, आणि दोघांचंही थोडंथोडं खरं होतं.

आता गावातला सगळ्यात कडवा बटणवाला नेमका पॉजच्या वाट्याला मेहुणा म्हणून आला, याला योगायोग म्हणायचं की शिक्षा, हे पॉजने अजून ठरवलेलं नव्हतं. बायकोचा थोरला भाऊ. सगळे त्याला दादा म्हणत. दादांचं गाडी शिकवण्याचं दुकान होतं. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, पायाशी स्वतःचा एक जादा ब्रेक ठेवायचा आणि समोरच्याने जरा वेग घेतला की तो दाबायचा, यात त्यांची पस्तीस वर्षं गेली होती. त्यामुळे इतरांचं वाक्यसुद्धा पूर्ण होऊ देण्याची सवय त्यांना राहिली नव्हती.

दर शनिवारी साडेअकराला सकाळच्या शिकवण्या आटोपून दादा पॉजच्या दुकानात चहाला येत. चहा निमित्त. खरं काम वादाचं.

“पॉजराव, मान्य करा. तुमच्या गच्चीवाल्यांना ताल धरता येत नव्हता म्हणून ते पाठ करायचे. तोंड दाखवायला जागा नव्हती.”

“दादा, धूर सोडल्याशिवाय ज्यांना उभं राहवत नव्हतं त्यांच्याबद्दल आपण बोलू या का?”

असं तासभर चाले. दादांकडे आकडे असत: किती मैफली, किती गर्दी, किती बटणं. पॉज हरत आला की शांतपणे काउंटरखालचा खण उघडे. खणात एक जुनी कॅसेट होती. ती नुसती काउंटरवर ठेवली तरी दादांचा चेहरा आंबट होई.

“झालं! काढलं ते रडकं!” म्हणत दादा उठत, आणि पॉजने त्या शनिवारची बाजी मारलेली असे.

कॅसेटवर पॉजच्या सतराव्या वर्षीच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं होतं: गच्चीवरचे, रेडिओवर प्रत्यक्ष, गाणी तीन. पहिली दोन कुठेही मिळत. तिसरं मात्र जगात फक्त या एका फितीवर होतं.

ही फीत ज्या कसबाने भरली गेली त्याच कसबामुळे त्याचं नाव पॉज पडलं होतं. शनिवारी दुपारी तीनला रेडिओवर बँडचा कार्यक्रम लागे. गाण्याच्या मागेपुढे निवेदक बोले, आणि त्याचा आवाज फितीवर आला की गाणं नासलं, असं जाणकारांचं मत होतं. त्यासाठी ‘पॉज’च्या बटणावर बोट ठेवून, श्वास रोखून बसावं लागे. निवेदकाने तोंड उघडायच्या आत बोट दाबायचं आणि पहिला सूर निघायच्या आत सोडायचं. या कामात त्याच्याइतका तरबेज आख्ख्या गल्लीत कुणी नव्हता. त्याच्या शंभर कॅसेटींत निवेदकाचं एक अक्षर सापडलं नसतं. बोट दाबलं की तो कानही मिटून घेई, कारण निवेदकाचं ऐकत बसणारा माणूस बोट उशिरा उचलतो. गाण्यांची नावं तो नंतर रेडिओच्या छापील पत्रिकेवरून लिहून काढी.

त्या शनिवारी पत्रिकेत छापलं होतं: गच्चीवरचे, तीन गाणी, पितळी बटणं, दोन गाणी. पॉजने तीन भरली आणि बटणांवर फीत वाया नको म्हणून यंत्र बंद केलं. तिसरं गाणं सुरू झालं तेव्हा मात्र त्याच्या अंगावर काटा आला. आवाज नवा होता, कोवळा, जरा घाबरलेला. ‘दिवा नको खिडकीत ठेवू, वाट मला पाठ आहे.’ गच्चीवरच्यांचा बास गिटारवाला गातोय, असं त्याने ठरवून टाकलं. वर्षभरात बँड फुटला, ते गाणं कुठल्याच रेकॉर्डवर आलं नाही, आणि पॉजने त्यावरही तोड काढली: अशी माणसं आपलं सगळ्यात चांगलं गाणं विकत नाहीत! पुढे दुकान टाकल्यावर त्याने नकली नावाच्या गॉगलना हात लावला नाही, गरज नसताना कुणाच्या गळ्यात महागडी भिंगं मारली नाहीत, आणि कारण विचारलं की म्हणायचा, “मी गच्चीकर आहे.”

बायकोसुद्धा त्याच गाण्याने आणली. बटणवाल्याच्या घरातली पोर कॅसेट मागायला आली. नेली, परत केली, पुन्हा नेली. चौथ्या खेपेला तिने ती परतच केली नाही, म्हणून लग्न करावं लागलं, असं पॉज सांगायचा. दादांच्या दृष्टीने ती फितुरी होती आणि त्या फितुरीची खूण काउंटरखालच्या खणात होती. एकोणचाळीस वर्षांत पॉजचं दादांपुढे एवढं एकच नाणं खणखणीत वाजत आलं होतं.

आणि एका मंगळवारी ते खोटं निघालं.

त्या दिवशी तपासणीच्या खुर्चीत एक साठीचा गृहस्थ बसला होता. गाद्या आणि सोफे शिवण्याचं त्याचं काम. हाताची बोटं जाड, अंगठ्यावर चुकांच्या जुन्या खुणा, आणि तक्रार एकच, सुईचं नेढं दोन दिसतात.

पॉजने त्याच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवली आणि भिंगं बदलायला सुरुवात केली.

“हे बरं, की आधीचं?”

“आधीचं.”

“आणि आता?”

“तेच तर आहे! फसवता का गरिबाला?”

“बदललंय हो. नीट बघा. घाई नाही.”

सोफेवाला समोरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत बसला आणि बघता बघता गुणगुणू लागला. काम करताना गुणगुणायची सवय असावी. पॉज पुढचं भिंग उचलत होता. ते त्याच्या हातातच राहिलं.

दिवा नको खिडकीत ठेवू.

“हे,” पॉज म्हणाला, “हे गाणं तुम्हाला कुठे मिळालं?”

“मिळायचंय कुठे? माझंच आहे.”

“म्हणजे तुमच्या आवडीचं.”

“म्हणजे मी गायलेलं. एकदाच. रेडिओवर.” सोफेवाला हसला. ती फ्रेम नाकावर असल्यामुळे तो शिंग फुटलेल्या पाखरासारखा दिसत होता. “तुमच्या वयाच्या माणसाला आठवत असेल. पितळी बटणं! मी ड्रमवर होतो.”

पॉजने भिंग डबीत ठेवलं. चुकीच्या खोबणीत ठेवलं.

“त्या दिवशी आमच्या आधी गच्चीवरचे होते. दोन गाणी झाली आणि त्यांच्या गिटारची तार तुटली. जादा तार नाही. निवेदक आम्हाला म्हणाला, तुम्ही दोनाची तीन करा. आमच्याकडे बसवलेली दोनच, त्यात आमच्या गायकाचा घसा बसलेला. ती दोन कशीबशी रेटीन म्हणाला, तिसरं नाही. माझ्या मनात हे एक जुळवलेलं होतं. म्हटलं, आधी मी गाऊन घेतो, तोवर तुझ्या घशाला विश्रांती. विश्रांती कसली, दुसऱ्या कडव्यात माझ्या मागे उभा राहून खोकला गाढव!”

त्या खोकल्यावर पॉज आजवर बरंच बोलला होता. संगीतातला सगळ्यात प्रामाणिक खोकला, असं तो त्याला म्हणायचा.

“नंतर कधी गायला नाहीत?”

“कोण गाऊ देतंय? लाल कोट घालून असलं गाणं? आमच्यातच सगळे हसले. आणि आता बायको विश्वास ठेवत नाही. तीस वर्षं झाली लग्नाला, म्हणते, तू आणि गाणं? थापा मारू नकोस. कारखान्यातली पोरं मला गायकबुवा म्हणून चिडवतात. म्हणून रेडिओवाल्यांकडे गेलो होतो. ते म्हणाले, त्या फितीवर नंतर हवामानाचं भाषण भरलं.” त्याने मान वळवून पॉजकडे पाहिलं. “एकदा कानाने ऐकायचं होतं हो. आपण कसे गायलो ते मला स्वतःलाच ठाऊक नाही. तुम्ही जुने ऐकणारे दिसता. कुणाकडे असेल का?”

खण तीन पावलांवर होता.

“छे,” पॉज म्हणाला. “कुणाकडे असणार? शक्यच नाही.”

एवढं बोलून त्याने नंबर लिहिला, उजवीकडचा डावीकडे लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला आणि शनिवारी अकराला चष्मा मिळेल असं सांगितलं. सोफेवाला गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं की शनिवारी साडेअकराला दादा येतात.

मग त्याने दोन फोन केले. सोफेवाल्याला म्हणाला, सोमवारी या. सोफेवाला म्हणाला, सोमवारी मोठा कोच शिवायला घ्यायचाय, शनिवारीच लागेल. मग दादांना म्हणाला, शनिवारी दुकान बंद आहे, रंग काढतोय.

“असं का? मग लवकरच येतो,” दादा म्हणाले. “रंगाऱ्यांवर कुणीतरी उभं राहायला हवं. तुम्हाला काय कळतंय त्यातलं?”

बुधवारी संध्याकाळी बायकोने त्याला पकडलं. ती कोर्टात लघुलेखनाचं काम करायची. दिवसभर लोक काय बोलतात ते अक्षर न गाळता टिपायचं आणि स्वतः चकार शब्द काढायचा नाही, ही तिची नोकरी. घरीही ती थोडीफार तशीच वागे.

“काय झालंय?” भाजी निवडता निवडता ती म्हणाली.

“कुठे काय?”

“कालपासून आरशाशी बोलताय.”

“नाही, म्हणजे असं बघ,” पॉज म्हणाला. “समज, एक माणूस आहे. त्याने एखादी गोष्ट आयुष्यभर अमक्याची म्हणून सांगितली. आणि समज, ती निघाली तमक्याची...”

“तिसऱ्या गाण्याचं कळलं वाटतं तुम्हाला,” बायको म्हणाली.

पॉज खुर्चीत बसला. खुर्ची होती हे बरं झालं.

“तुला... तुला माहीत होतं?”

“मी ऐकलं होतं ना त्या दिवशी. दादा गाडीच्या परवान्याची परीक्षा द्यायला गेला होता. मला बजावून गेला, नीट ऐक आणि सगळं सांग. निवेदकाने चांगलं सविस्तर सांगितलं की, तार तुटली, घसा बसला, आता पितळी बटणांचे ड्रमवादक गातील.”

“मग दादांना सांगितलं का नाहीस?”

“तो परीक्षेत नापास होऊन आला. दार आपटून आत गेला आणि दोन दिवस कुणाशी बोलला नाही. हे त्याच्या शिकाऊ लोकांना सांगू नका हं.”

“आणि मला?”

“तुम्हाला सांगायलाच तर आले होते. ऐकलं होतं की तुम्ही भरलंय. आले तर कॅसेटवर लिहिलेलं गच्चीवरचे! म्हटलं, सांगावं. तर तुम्ही त्या गाण्याबद्दल बोलायला लागलात. पाऊण तास बोललात. आमच्या घरी माझ्याशी पाऊण तास कुणी बोललं नव्हतं. दादा तर मला वाक्यही पुरं करू देत नसे.” तिने एक देठ मोडलं. “आणि सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतंत?”

पॉजने प्रामाणिकपणे विचार केला. सतरा वर्षांचा तो, बटणवाल्यांचं गाणं आपल्या फितीवर आहे असं कळलेला.

“पुसलं असतं,” तो म्हणाला.

“बघा!”

“पण नंतर? एकोणचाळीस वर्षं?”

“नंतर मजा यायला लागली,” बायको म्हणाली. “एक गच्चीकर बटणवाल्यांचं गाणं डोक्यावर घेऊन नाचतोय, एक बटणवाला आपल्याच गाण्याला नाकं मुरडतोय. दर शनिवारी तुम्ही घरी येऊन सांगायचात, आज दादांना कसं गप्प केलं. मला स्वयंपाकघरात जाऊन हसावं लागायचं.”

“म्हणजे तू माझ्याकडे आलीस ती बटणांच्याच गाण्याने.”

“मी तुमच्याकडे आले ती तुमच्या बडबडीने. गाण्याचं कशाला नाव घेता?” ती हसली. मग म्हणाली, “पण आता हे कळलं कसं?”

पॉजने सोफेवाल्याची सगळी हकीकत सांगितली. शिंगं, खोकला, हवामानाचं भाषण, गायकबुवा. शेवटचं वाक्य त्याने जरा पुटपुटत घेतलं.

“काय सांगितलंत त्याला?”

“कुणाकडे नसणार, असं.”

बायकोने हातातली जुडी खाली ठेवली. “हे मात्र मला माहीत नव्हतं,” ती म्हणाली, आणि उठून आत गेली. भांडली असती तर बरं, असं पॉजला वाटलं. भांडणात दोन बाजू असतात.

पुढचे दोन दिवस त्याने मनात माप टाकून पाहिलं. एका पारड्यात एका अनोळखी माणसाची साडेतीन मिनिटांची हौस. दुसऱ्यात दादा. दादा हे प्रकरण काय करतील हे त्याला लख्ख दिसत होतं. ते प्रत्येक लग्नात सांगतील, प्रत्येक बारशाला सांगतील. ज्याला अजून क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हे कळत नाही अशा पोरालाही पहिल्याच दिवशी ही गोष्ट कळेल. उरलेले सगळे शनिवार पॉजला मान खाली घालून चहा प्यावा लागेल. चोरून सोफेवाल्याला नक्कल करून द्यावी, असंही मनात आलं. पण तो बटणांचा ड्रमवाला आहे हे गावात आज ना उद्या दादांना कळणार, आणि दादा त्याच्या घरी हार घेऊन जाणार. त्या घरी तेच गाणं वाजत असणार.

शनिवारी दादा साडेदहालाच हजर.

“रंग कुठाय?”

“रंगारी आला नाही.”

“म्हणून म्हणतो, अशा कामांना माणूस लागतो.” दादा ठरलेल्या खुर्चीत बसले आणि बटणांच्या अमुक मैफलीला किती माणसं भिंतीवर चढली होती ते सांगू लागले. पॉज हूं हूं करत राहिला. थोड्या वेळाने बायकोही आली. शनिवारी कोर्टाला सुट्टी असे, पण ती दुकानात सहसा फिरकत नसे. “बसते जरा,” म्हणाली आणि फ्रेमच्या कपाटाशेजारी स्टूल ओढून बसली. चेहरा कोर्टातला.

अकराला सोफेवाला आला.

पॉजने चष्मा काढला, भिंगं पुसली, त्याच्या कानांवर नीट बसवला, काड्या जरा वाकवल्या. सोफेवाल्याने आधी तक्ता वाचला, मग स्वतःची बोटं पाहिली.

“अरे बापरे,” तो म्हणाला. “एवढं टोचून घेतलंय मी?”

दादा हसले. आपण कुणासमोर हसतोय हे त्यांना ठाऊक नव्हतं. लाल कोटातला झिपऱ्या केसांचा ड्रमवाला आणि हा टकलू कारागीर यांच्यात ओळखीचं काही उरलेलं नव्हतं. सोफेवाल्याने आभार मानले, चष्म्याची डबी खिशात टाकली, दाराशी गेला, मूठ फिरवली. झालं. आता नुसतं गप्प राहायचं होतं. पॉज गप्प राहिला. दार अर्धं उघडलं. बायकोकडे बघायचं नाही असं ठरवूनही त्याने बघितलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती सोफेवाल्याच्या पाठीकडे बघत होती.

“अहो, थांबा,” पॉज म्हणाला. “मंगळवारी मी खोटं बोललो.”

“नंबर चुकला?”

“नंबर बरोबर आहे. तुमचं गाणं आहे माझ्याकडे.”

त्याने खण उघडला. दादांनी सवयीने कपाळाला आठ्या घातल्या आणि उठायला लागले.

“बसा दादा,” पॉज म्हणाला. “आज शेवटपर्यंत ऐका. कधी पहिल्या ओळीच्या पुढे ऐकलंयत का?”

त्याच्या आवाजात काहीतरी होतं, कारण दादा खरंच बसले.

फीत फिरली. आधी खरखर, मग गिटार, मग तो कोवळा आवाज. सोफेवाला दाराची मूठ धरूनच उभा राहिला. पहिल्या कडव्याला त्याचे ओठ हलत होते. दुसऱ्याला ते थांबले. तेवढ्यात मागून खोकला आला, ओला, खर्जातला, आणि दादा खुर्चीत ताठ झाले. ज्या माणसाचं गाणं, शिंक आणि खाकरणं त्यांनी आयुष्यभर पूजलं होतं त्याचा खोकला त्यांना ओळखू येणार नाही, हे शक्य नव्हतं.

“हा... हा तर आमचा...”

पहिल्यांदाच त्यांचं वाक्य अर्धं राहिलं आणि ते कुणी तोडलेलं नव्हतं.

“हो,” गाणं संपल्यावर पॉज म्हणाला. “तुमच्या बटणांचं आहे. मीच पत्रिका बघून चुकीचं लिहिलं. गच्चीवरच्यांचा यात काही संबंध नाही. आणि गाणारे ड्रमवाले हे, तुमच्यापुढे उभे आहेत.”

बोलून झाल्यावर आकाश कोसळेल अशी त्याने तयारी ठेवली होती. पण दादा त्याच्याकडे बघतच नव्हते. ते उठून उभे राहिले होते, हात जोडावेत की मिठी मारावी याचा निर्णय न झाल्यामुळे दोन्ही हात मध्येच धरून. डोळे भरलेले.

सोफेवाला मात्र अजून फितीकडेच बघत होता. “बरं गायलोय की,” तो हळूच म्हणाला. “मला वाटायचं याहून वाईट असेल.” मग जरा लाजून, “ज्यांनी तेव्हा ऐकलं त्यांना कसं वाटलं असेल हो? कुणी काही बोललं होतं?”

दादांचा रंग उतरला. एकोणचाळीस वर्षं, दर शनिवारी, या गाण्याला त्यांनी काय काय म्हटलं होतं, ते त्यांना एकदम सगळं आठवलेलं दिसलं. त्यांनी पॉजकडे पाहिलं. असा चेहरा पॉजने दादांच्या शिकाऊ लोकांचा पाहिला होता, समोरून ट्रक येताना.

एवढी सोपी बाजी पॉजच्या हाती आयुष्यात कधी आली नव्हती.

“एक जण होता,” तो म्हणाला. “रडकं म्हणायचा.”

“कोण?”

“मी,” पॉज म्हणाला. “मी गच्चीकर ना. आम्हाला काय कळतंय!”

दादांनी श्वास सोडला. तो सगळ्यांना ऐकू आला. बायकोने स्टुलावर पाय हलवला आणि कपाटातल्या फ्रेम बघू लागली.

माणूस उपकार किती वेळ लक्षात ठेवतो याचं मोजमाप पॉजने त्या दिवशी भिंतीवरच्या घड्याळात घेतलं. दोन मिनिटं.

“काय सांगू तुम्हाला!” तिसऱ्या मिनिटाला दादा सोफेवाल्याचा हात दोन्ही हातांत धरून म्हणत होते. “यांना मी जन्मभर समजावतोय. कानच नाही हो यांना! गळ्यापर्यंत चष्मे आणि कानाच्या नावाने शून्य. एवढं काळजाला हात घालणारं गाणं, आणि म्हणे रडकं!”

पॉजने भिंगं पुसायच्या फडक्याची घडी घातली.

“पण आहेच रडकं,” सोफेवाला म्हणाला.

“मुळीच नाही!”

“अहो, मी केलंय. एक मुलगी सोडून गेली होती, रडत रडत केलंय.”

“तुम्ही केलं असेल. पण ते रडकं नाही. त्यात एक, काय म्हणतात, ताठ कणा आहे.”

“बाईसाहेब, तुम्ही सांगा,” सोफेवाला वळून म्हणाला.

“मी काही बोलत नसते,” बायको म्हणाली. “मी फक्त ऐकते.”

सोफेवाल्याने खिशातून फोन काढला, नव्या चष्म्यातून आकडे सहज दिसतात याचं क्षणभर कौतुक केलं आणि घरी लावला. “मी बोलतोय. काही बोलू नकोस, नुसतं ऐक,” म्हणून त्याने फोन यंत्रापाशी धरला. पॉजने गाणं पुन्हा लावलं. चौघेही वाकून उभे राहिले. फोनमधून काही आवाज नव्हता, खोकल्याच्या जागीही नव्हता.

गाणं संपलं.

“कोण आहे हा?” बाईंचा आवाज आला.

“मी.”

“चल! हा कुणीतरी चांगला गातोय.”

“अगं, खरंच मी.”

“परत लाव. शेवटची ओळ.”

पॉजने फीत अंदाजाने मागे नेली. नेमकी जागा सापडली. त्या बाबतीत बोटं अजून शाबूत होती. ‘वाट मला पाठ आहे.’

“तूच आहेस,” बाई म्हणाल्या. “‘पाठ’ म्हणताना घास अडकल्यासारखं करतो ना, तो तूच. माझं नाव घेतानाही तसंच करतोस.” मग जरा थांबून, “आणि कोण ती मुलगी, जिच्या खिडकीत दिवा होता?”

सोफेवाल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. “घरी येऊन सांगतो,” तो म्हणाला.

“घरी येच. आणि तो बाजाही घेऊन ये. शेजारच्यांनाही ऐकवायचंय.”

त्यांच्याकडे कॅसेट लावायला यंत्र नव्हतं, म्हणजे पॉजचं यंत्र जाणं आलं, आणि यंत्राबरोबर पॉज. दादा आधीच बाहेर जाऊन शिकवणीच्या गाडीचं दार उघडून उभे होते. सोफेवाल्याला त्यांनी पुढे बसवलं. पॉज आणि बायको मागे, पॉजच्या मांडीवर तो जुना डबा. भर दुपारी दुकानाला कुलूप लावायची त्याची ही पहिलीच वेळ.

गाडी निघाली. दादा सोफेवाल्याला सांगत होते की हे गाणं त्यांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच त्यांना कसं कळलं होतं, की यात बटणांचा हात आहे.

बायकोने पॉजच्या कानाशी तोंड नेलं. “पुढच्या शनिवारी काय करणार आता?”

पॉजने विचार केला. पुढे दादा बोलतच होते. दोन्ही हात सोडून बोलत होते, गाडी कोपऱ्यावर जरा जास्तच वेगात वळली, आणि सोफेवाल्याचा पाय नकळत त्याच्या पायाशी असलेल्या जादा ब्रेकवर पडला. गाडी गचकन थांबली. दादांचं वाक्य अर्ध्यावर तुटलं.

“ही चांगली सोय आहे हो,” सोफेवाला म्हणाला.

“याला दर शनिवारी चहाला बोलवायचं,” पॉज बायकोला म्हणाला.